भरल्या विहिरीतली मोटर

सांगोला तालुक्यात दोन भावांच्या डाळिंबाच्या बागा बांधाला बांध लागून होत्या. वाटणीत थोरल्याला वडिलांची विहीर आली. चांगली 25 फूट रुंद, भर उन्हाळ्यातही दोन परस पाणी. धाकट्याच्या वाट्याला साडेसहा इंची बोअर आली, तीही जेमतेम पाण्याची. दोघांनी एकाच दुकानातून पाच एचपीच्या पाणबुडी मोटरी आणल्या. पंप ज्याच्या त्याच्या खोलीप्रमाणे, मोटर मात्र सारखीच.

वर्षभरात थोरल्याची मोटर दोनदा जळाली. धाकट्याची बिनतक्रार चालू होती. पहिल्या वेळी थोरल्याने मोटरीला नावं ठेवली, दुसऱ्या वेळी दुकानदाराला. आंबे बहराची फळं धरत असतानाच मोटर तिसऱ्यांदा जळाली. तेव्हा मात्र रिवाइंडिंग करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींसमोर त्याचा तोल सुटला.

"मिस्त्री, तुमचं भरणंच कच्चं आहे. धाकट्याच्या बोअरमध्ये पाणी नाही तरी त्याची चालते, आणि माझी भरल्या विहिरीत जळते?"

मिस्त्रींनी उघडलेली मोटर त्याच्यापुढे सरकवली. "आबा, तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या पडल्यात. एक फेज गेली असती, तर एखादी तरी शाबूत राहिली असती. व्होल्टेज म्हणावं, तर दोघांची लाइन एकाच डीपीवरून येते. ही नुसत्या उष्णतेने जळाली."

"पाण्यात बुडालेली वस्तू तापेलच कशी?"

"उद्या विहिरीवर येतो, मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री धाकट्यालाही घेऊन आले. म्हणाले, "पाणबुडीत मोटर खाली, पंप वर आणि पाणी ओढायची जाळी दोघांच्या मधे. धाकट्याच्या बोअरचा झरा मोटरीच्या खाली आहे. जाळीपर्यंत यायचं तर पाण्याला मोटर आणि बोअरच्या भिंतीमधल्या चिंचोळ्या जागेतूनच वर यावं लागतं. येता येता ते मोटरीची उष्णता घेऊन जातं. तुमची विहीर ऐसपैस. पाणी चहूबाजूंनी थेट जाळीत शिरतं, खालच्या मोटरीकडे फिरकतच नाही. घामेजलेल्या माणसाला वारा लागला तरच गार वाटतं, तसंच हे. सहा इंची मोटरीच्या अंगावरून पाणी सेकंदाला निदान अर्धा फूट वेगाने सरकायला हवं."

"मग स्टार्टर का पडला नाही?"

"ओव्हरलोड रिले फक्त करंट बघतो. करंट बरोबर होता. आत किती तापलंय, हे त्याला कळत नाही. आणि सोसवते त्याहून दर दहा अंश जास्त तापलं, की वाइंडिंगच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं."

मिस्त्रींनी मोटरीपेक्षा थोडा रुंद केसिंग पाइप घेतला. त्याचं वरचं तोंड जाळीच्या वर पंपाभोवती बंद केलं आणि खालचं मोटरीच्या खाली उघडं ठेवलं. आता पाण्याला मोटरीला घासूनच वर यावं लागणार होतं. मोटरीत स्वच्छ पाणी भरलं, तळाच्या गाळात रुतू नये म्हणून ती बरीच वर टांगली आणि बटण दाबलं.

त्यानंतर तीन उन्हाळे गेले. ती मोटर पुन्हा वर काढावी लागली नाही. थोरल्याच्या मनात मात्र एक गोष्ट राहिली. तीन वेळा मोटर भरून घेतली, पण ती का जळते, हे आपण एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या रुंद विहिरीत उभी पाणबुडी असेल, तर तिच्यावर असा पाइप आहे का, ते आजच पाहा. बोअर असेल तर झरा मोटरीच्या खाली आहे की वर, हे विचारून घ्या. झरा वर असेल, तर भरल्या बोअरमध्येही मोटर तापते. तिथेही हाच पाइप लागतो.

घरात आणि शेतात राबणाऱ्या माणसांचंही असंच असतं. भोवती सगळं भरलेलं असतं, पण त्यांच्यापर्यंत पोहोचत काहीच नाही. म्हणून जो जळाला त्याला दोष देण्याआधी, त्याला काय मिळत नव्हतं ते शोधा.