चांगला प्रश्न कुणाला सुचतो?

एकाने मनात एखादी वस्तू धरायची आणि इतरांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तरांवर ती ओळखायची, हा खेळ मुले कुठेही, कशाशिवायही खेळू शकतात. इंग्रजी जगात त्याला वीस प्रश्नांची मर्यादा पडली. १९४६ साली अमेरिकेच्या आणि १९४७ साली बीबीसीच्या रेडिओवर तो कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि मोठी माणसेही त्यात रमली. वीस हा आकडा किरकोळ वाटतो, पण प्रत्येक उत्तरानंतर उरलेल्या शक्यता निम्म्यावर येत असतील, तर वीस उत्तरांत १०,४८,५७६ गोष्टींतून नेमकी एक हाती लागते. त्याच गोष्टी एकेक करून विचारत गेलो तर सरासरी सव्वापाच लाखांच्या आसपास प्रश्न लागतील. हे गणित इतके देखणे आहे की खेळाचे सगळे मर्म त्यातच आहे असे वाटू लागते: निम्मे करा, पुन्हा निम्मे करा, एवढी हुशारी असली की झाले. मला हे पटत नाही. निम्मे करण्याची युक्ती मिनिटभरात सांगून होते. कशाचे निम्मे करायचे आणि कोणत्या खुणेने, हे कळायला मात्र त्या विषयात बराच काळ घालवावा लागतो. चांगला प्रश्न अज्ञानातून सुचतो अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात तो सुचायला भरपूर माहिती आधी गाठीला असावी लागते.

अमेरिकेत हार्वर्ड येथे जेरोम ब्रूनर यांच्यासोबत काम करणाऱ्या मोशर आणि हॉर्न्सबी या संशोधकांनी १९६६ साली लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांसमोर ओळखीच्या वस्तूंची ४२ चित्रे मांडली होती आणि त्यांतले कोणते संशोधकाच्या मनात आहे ते प्रश्न विचारून शोधायचे होते. सहा वर्षांची मुले बहुतांशी थेट नाव घेत: ही बोट आहे का, ही गाय आहे का? अकरा वर्षांची मुले गट पाडत: हे हत्यार आहे का, याला जीव आहे का? नीट गट पाडत गेले तर ४२ चित्रांसाठी सहा प्रश्न पुरतात. एकेक नाव घेत गेले तर दैव रुसल्यावर एकेचाळीस लागतात. आता 'हत्यार' हा शब्द उच्चारण्यासाठी मुलाला हातोडी, करवत आणि कात्री यांच्यात काय समान आहे ते आधी दिसलेले असावे लागते. ही समानता चित्रांत रंगवलेली नसते. अनुभवाने डोक्यात जे वर्ग बनले, तेच प्रश्नाच्या रूपाने बाहेर येतात.

यावर कुणी म्हणेल की हा फरक वयाचा आहे, माहितीचा नव्हे. वयाचा वाटा मी नाकारत नाही. पण मिशेलीन ची यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बुद्धिबळ खेळणाऱ्या, दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांनी पटावरच्या सोंगट्यांची मांडणी मोठ्या माणसांपेक्षा चांगली लक्षात ठेवली. आकडे लक्षात ठेवण्यात मात्र तीच मोठी माणसे पुढे होती. हा पुरावा प्रश्नांबद्दलचा नाही, स्मरणाबद्दलचा आहे. तरी एवढे त्यातून निश्चित दिसते की विषयाची जाण असेल तर वयाने मिळणारा वरचढपणा उलटू शकतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते वनस्पती ओळखण्याच्या शास्त्रात. लामार्क यांनी १७७८ साली फ्रान्समधल्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात दोन-दोन पर्यायांतून निवड करत नावापर्यंत पोहोचण्याची रीत पद्धतशीरपणे वापरली. या रीतीला वनस्पतिशास्त्रात 'किल्ली' म्हणतात, आणि ती हाच खेळ आहे, फक्त लिहून ठेवलेला. आपल्या भागासाठी हे काम पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी केले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लंडनमध्ये छापला गेला. अशी किल्ली बनवणाऱ्यापुढचा प्रश्न शक्यता समान वाटण्याचा नसतोच. सह्याद्रीतली कारवी घ्या. ती साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. म्हणजे 'फूल निळे-जांभळे आहे का?' हा प्रश्न कागदावर कितीही नेमका असला, तरी सातांतली सहा वर्षे डोंगरावर त्याला उत्तरच नाही. फुलाचा रंग तर एकाच जातीत बदलतो, सुकवलेल्या नमुन्यात उडून जातो. पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हा प्रश्न बाराही महिने चालतो आणि कारवीपुरते उत्तर कायम एकच मिळते: समोरासमोर. कोणती खूण टिकाऊ आणि कोणती फसवी, हे असंख्य झुडपे हाताळलेल्या माणसालाच कळते. किल्ली वापरणाऱ्याला वाटते आपण केवळ तर्काने नावापर्यंत आलो. त्या तर्काच्या प्रत्येक पायरीखाली कुणाचीतरी पायपीट असते.

गणिताच्या बाजूनेही हेच दिसते. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली संदेशाला कमीत कमी चिन्हांत बसवण्याची जी पद्धत शोधली, ती या खेळाला जशीच्या तशी लागू पडते. तिचा आधार असा की शक्यतांची संख्या मोजायची नाही, त्यांचे वजन मोजायचे. एखादी गोष्ट इतर सगळ्यांच्या बेरजेइतकी संभवनीय असेल, तर पहिल्याच प्रश्नात तिचे थेट नाव घेणे हाच शहाणपणा ठरतो. सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न आणि अनुभवी माणसाचा प्रश्न येथे वरून सारखा दिसेल, पण एकाने तो आवडीने विचारला आणि दुसऱ्याने वजन ओळखून. गणित सांगते वजने धरा. ती किती धरायची हे मात्र गणित सांगत नाही.

डॉक्टरांचे उदाहरण यापुढे नेणारे आहे. पावसाळ्यात मुंबईत ताप घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, 'साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?' लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. पावसाळी तापाच्या रुग्णांत तो सर्वांत जास्त आढळणारा नाही, म्हणजे निम्मे करण्याच्या हिशेबात हा प्रश्न मागे पडायला हवा. तो आधी विचारला जातो, कारण तो आजार निसटला तर मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो आणि वेळेत कळला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. कोणती चूक परवडेल आणि कोणती नाही, याची जाणीव प्रश्नांचा क्रम ठरवते. ही जाणीव हुशारीने मिळत नाही, रुग्ण पाहून मिळते.

माझ्या म्हणण्यावरचा खरा गंभीर आक्षेप दुसराच आहे. माहिती असलेली माणसे वाईट प्रश्न विचारतात, आणि माहितीमुळेच विचारतात. पीटर वेसन यांनी १९६० साली लंडनमध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना २, ४, ६ हे आकडे दाखवून त्यांमागचा नियम शोधायला सांगितले. स्वतःचे त्रिकूट सुचवायचे आणि ते नियमात बसते की नाही ते विचारायचे. अनेकांनी 'दोनाने वाढणारे आकडे' असे मनाशी धरले आणि ८, १०, १२ यांसारखी त्रिकुटे पुढे केली. दरवेळी 'हो' ऐकून त्यांचा विश्वास वाढत गेला. नियम केवळ चढत्या आकड्यांचा होता. आपल्या अंदाजाला 'नाही' म्हणता येईल असा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ही माणसे अडाणी नव्हती, तेव्हा केवळ माहितीने भागत नाही हे मान्य करायला हवे. 'नाही' ऐकण्याची तयारी हा स्वभावाचा भाग आहे आणि त्याचे वेगळे शिक्षण लागते. पण त्या माणसांपाशी कमी काय पडले ते नीट पाहावे. त्यांच्यासमोर एकच नियम होता. १, २, ३ हे त्रिकूट विचारायचे तर 'हे फक्त चढते आकडे असतील' ही दुसरी शक्यता आधी सुचलेली हवी. निवड दोन गोष्टींत होते आणि दुसरी गोष्ट रिकाम्या डोक्यात उगवत नाही. एकाच अंदाजाला चिकटणे हा माहितीचा दोष खरा, पण त्यावरचा उतारा आणखी माहिती, आणि तीही परस्परविरोधी, हाच आहे.

यंत्रांनीही हेच दाखवले. कॅनडाच्या रॉबिन बर्गनर यांनी १९८८ साली सुरू केलेला आणि पुढे खिशात मावणाऱ्या खेळण्याच्या रूपात विकला गेलेला 'ट्वेंटी क्यू' हा खेळ माणसाच्या मनातली वस्तू थक्क करणाऱ्या अचूकपणाने ओळखतो. त्याचे बळ खेळणाऱ्या असंख्य लोकांनी दिलेल्या उत्तरांच्या साठ्यात आहे. तो साठा काढून घेतला तर प्रश्न निवडण्याची त्याची कला कोरडी पडेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आशयाचा भार कमी करून चिकित्सक विचाराला जागा देण्याचा आग्रह आहे. घोकंपट्टीने वर्गांचे जे नुकसान केले ते पाहता हा आग्रह मला मनापासून योग्य वाटतो. धास्ती वाटते ती 'माहिती फोनवर मिळते, मुलांनी फक्त प्रश्न विचारायला शिकावे' या त्यातून निघणाऱ्या सोप्या अर्थाची. फोन उत्तर देतो ते विचारलेल्या प्रश्नाचे. शाळेच्या आवारातली वड, पिंपळ, आंबा, चिंच, गुलमोहर आणि शेवगा ही सहा झाडे घेऊन पाचवीच्या मुलांना स्वतःची किल्ली बनवायला सांगून पाहावे. पहिल्या प्रश्नात तीन-तीन झाडे वेगळी करायची तर पान साधे की संयुक्त हे विचारावे लागेल. त्यासाठी चिंचेची बारीक 'पाने' म्हणजे एकाच पानाच्या पर्णिका आहेत हे आधी ठाऊक हवे. वड-पिंपळ आंब्यापासून वेगळे काढायचे तर देठ मोडून पांढरा चीक येतो का ते पाहावे लागेल. मग सातवे झाड म्हणून आपटा द्यावा. त्याच्या दुभंगलेल्या पानाला एक पान मानायचे की जोडलेल्या दोन पर्णिका, यावर वर्गात वाद होईल, आणि मुलांना पहिला प्रश्नच पुन्हा लिहावा लागेल.