वेढ्यातल्या शहरात घेतलेले शेत



‘दिवस बरे नाहीत’ हे वाक्य मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण दर रविवारी ऐकतो आणि बोलतोही. युद्धाच्या बातम्या, महागाई, मुलांच्या नोकऱ्यांची काळजी, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाढत चाललेला संशय. मग कुणीतरी म्हणते, ‘होईल सगळे ठीक.’ असा दिलासा खरा की खोटा हे कसे ओळखावे? याच प्रश्नापायी संदेष्टा यिर्मयाने आयुष्यभर लोकांचा राग ओढवून घेतला.

ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचा राजा आणि अनेक कुटुंबे कैद करून नेली. त्यानंतर काही वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मागे उरलेल्यांना सांगू लागला, दोन वर्षांत सर्व जण परत येतील. ऐकायला ते गोड होते. यिर्मयाही आधी ‘आमेन’ म्हणाला, कारण तसे घडावे असे त्यालाही वाटत होते. पण ते खरे नव्हते आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. बाबेलमधल्या बंदिवानांना त्याने पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि तुम्हांला नेले आहे त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत यायला सत्तर वर्षे लागणार होती.

२०२० साली चर्चचे दरवाजे बंद झाले तेव्हा आपल्यातही हनन्या कमी नव्हते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण खोट्या मुदतीवर टिकवलेला धीर मुदत संपली की संपतो आणि जाताना श्रद्धेचाही थोडा भाग घेऊन जातो.

पहिल्या बंदिवासाला दहा वर्षे झाली तेव्हा यरुशलेमला पुन्हा वेढा पडला. शहर पडणार, असे राजाला तोंडावर सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, माझे अनाथोथचे शेत विकत घे. अनाथोथ शहरापासून जेमतेम पाच किलोमीटरवर, म्हणजे शत्रूच्या हाती गेलेल्या मुलखात. जमिनीचे भाव तोंडपाठ असलेल्या आपल्या वसईकरांना सांगायला नको, असा सौदा कुणी करणार नाही. यिर्मयाने मात्र १७ शेकेल चांदी तोलून दिली. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, मोहोर झाली. दोन्ही प्रती बारूखने मातीच्या मडक्यात ठेवल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील.

यिर्मयाने आपले भाकीत काही बदलले नव्हते. शहर पडेल असे सांगणारा आणि त्या शहराबाहेरचे शेत घेणारा माणूस एकच. आपण बहुधा दोहोंपैकी एक निवडतो: संकट दिसत नाही असे वागतो, नाहीतर हात बांधून बसतो. आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. त्याने व्यवहार आधी पुरा केला आणि मग प्रार्थनेत देवाला विचारले, शहर शत्रूच्या हाती जात असताना तू मला शेत कशाला घ्यायला लावलेस? आपल्याला आधी उत्तर हवे असते.

कुणी म्हणेल, ज्याच्या गाठी १७ शेकेल आहेत त्याने शेत घ्यावे. ज्याच्या घरी संध्याकाळचे रेशन नाही त्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. पण हनामेलचा विचार करा. लेवीयाच्या नियमाप्रमाणे, अडचणीत जमीन विकणाऱ्या भाऊबंदाची जमीन जवळच्या नातलगाने सोडवायची असे. वेढ्यात पैशांची गरज हनामेललाच असणार. म्हणजे देवाच्या वचनावरचा यिर्मयाचा विश्वास एका नातेवाईकाचे देणे चुकते करण्यात उतरला. युद्ध सुरू आहे म्हणून त्याने भाऊबंदकीचे कर्तव्य पुढे ढकलले नाही. आपल्याकडे वाईट दिवसांत पहिली काटछाट नेमकी इथेच होते: आजारी काकीची भेट, कामवालीचा पगार, व्हिन्सेंट डी पॉलच्या पेटीतले दान.

शहर पडले, मंदिर जळाले. यिर्मयाला लोकांनी बळेच मिसर देशात नेले. त्या शेतात त्याने कधी नांगर धरल्याचा उल्लेख नाही. ख्रिस्तपूर्व ५३८ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बंदिवानांना परत जाण्याची मुभा दिली. एज्राच्या पुस्तकात परतलेल्यांची यादी आहे. तिच्यात अनाथोथची माणसे १२८ आहेत.