नक्कल आणि शिक्का

रमजान ईद झाली की आठ-दहा दिवस आमच्या वर्गात दारूगोळ्याचा वास असतो. ईदीचे पैसे हातात पडले की पोरं आधी टिकल्यांचं पिस्तूल घेतात, मग बाकीचं. दप्तरातून ते वर्गात येतं आणि आम्ही ते जप्त करून टेबलाच्या खणात टाकतो. एका ईदला असंच एक पिस्तूल खणात आलं. प्लॅस्टिकचं, हलकं, पण अंगावर इंग्रजी अक्षरं उठवलेली. 'मेड इन'पर्यंत ठीक होतं. पुढे देशाच्या नावाच्या जागी नुसती अक्षरांची रांग. ज्याचं होतं त्याला विचारलं, "ये क्या लिखा है रे?" तो म्हणाला, "सर, कुछ नहीं लिखा. असली पे लिखा होता है, इसलिए इस पे भी लिखा है."

आठवीतल्या पोराचं हे उत्तर आमच्या डोक्यातून गेलं नाही. कारण खऱ्या पिस्तुलांच्या जगातही हेच चालत आलं आहे.

पेशावरहून कोहाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. आफ्रिदी पठाणांचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे हत्यारं घडवतात. छोटी छोटी दुकानं, कानस, हातोडी, साधं लेथ आणि भंगारातलं पोलाद. समोर एक पिस्तूल ठेवायचं आणि त्याच्यासारखं दुसरं उतरवायचं, हा तिथला हुन्नर. पाकिस्तानात ज्याला 'तीस बोर' म्हणतात ते पिस्तूल तिथे फार बनतं. ते चिनी पिस्तुलाची नक्कल. चिनी पिस्तूल हे रशियाच्या तोकारेव्हची प्रत. आणि 1930 च्या सुमाराचं ते तोकारेव्ह तरी कुठे आकाशातून पडलं होतं? त्याच्या आतली नळी अडकवण्याची युक्ती अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची, 1911 च्या कोल्ट पिस्तुलातली. बाहेरचा तोंडवळाही ब्राउनिंगच्याच बेल्जियममधल्या जुन्या पिस्तुलासारखा. आणि गोळी जर्मनांच्या माउझरवरून घेतलेली. ब्राउनिंग 1926 साली वारला. दर्र्यातला उस्ताद आज कानस चालवतो ती त्याच्याच रेघेवर, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसेल.

मग चोर कोणाला म्हणायचं? साखळीतल्या शेवटच्यालाच का, तो गरीब आणि अडाणी आहे म्हणून?

कायद्याकडे पाहावं तर तिथेही उत्तर सरळ मिळत नाही. 1994 मध्ये ग्लॉक कंपनीने स्मिथ अँड वेसन या अमेरिकेतल्या जुन्या, नामांकित कंपनीला आपल्या पिस्तुलाची नक्कल केली म्हणून कोर्टात खेचलं. 1997 मध्ये पैसे देऊन आणि पिस्तुलात बदल करून ते प्रकरण मिटलं. म्हणजे नक्कल करायला अडाणीच असावं लागतं असं नाही. उलट चेकोस्लोव्हाकियाच्या 'सीझेड 75' या पिस्तुलाचं पेटंट सरकारने गुप्त ठेवलं, त्यामुळे बाहेरच्या देशांत त्याला संरक्षणच मिळालं नाही. इटलीपासून इस्रायलपर्यंत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. कायदा मोडला नाही. पण ज्या माणसाने ती घडण काढली त्याचं काही गेलं की नाही? पेटंट काही वर्षांनी संपतं. श्रेय मात्र मुदत घालून संपवता येत नाही, असं आम्हाला वाटतं.

तरीही नुसत्या सारखेपणात पाप आहे असं आम्ही मानत नाही. आमचा धंदाच नकलेचा. फळ्यावर आम्ही 'अलिफ' काढतो, खाली पोरं काढतात. खुशनवीसीच्या जुन्या रीतीत शागीर्द वर्षानुवर्षं उस्तादाच्या ओळीखाली तीच ओळ गिरवत असे. एक नुक्ता हलला तरी पुन्हा. हुबेहूब उतरवणं हाच अदब होता. पण एक नियम होता. उस्तादाची इजाजत मिळेपर्यंत खाली स्वतःचं नाव घालायचं नाही. आणि इजाजत मिळाल्यावर घालायचं ते स्वतःचंच. आपण लिहायचं आणि खाली उस्तादाचं नाव टाकायचं, ही नक्कल नव्हे, ही दगाबाजी.

'नक्कल' हा शब्दच पाहा. अरबीत 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. एकाने ऐकलं, दुसऱ्याला पोचवलं, तेही नक्ल. पण पोचवणाऱ्याने आपण कुणाकडून ऐकलं ते सांगायचं. आपल्या तहसील कचेरीतसुद्धा 'नक्कल' मिळते, आणि तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का असतो. नक्कल खरी असू शकते, हे मराठीला चांगलं ठाऊक आहे.

शिक्का आला की गोष्ट फिरते. सरहद्दीवरच्या जुन्या बंदुकांवर इंग्रज राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं आणि मुकुट कोरलेला असतो, आणि शेजारी साल असतं राणी मेल्यानंतरचं. राणी 1901 मध्ये वारली, बंदूक पुढची. काहींवर इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला, आरशात दिसावा तसा. हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं नाही. पहिलीतली पोरं 'एन' असाच उलटा काढतात. ज्या हाताने ते अक्षर कोरलं त्याला कुणी ते वाचायला शिकवलेलं नव्हतं. लोखंडाशी एवढी इमानदारी असलेला तो हात, आणि अक्षराच्या बाबतीत खोटं बोलत होता. तेही आपण काय बोलतो हे न कळता.

कुणी म्हणेल, दर्र्याच्या बाजारात गिऱ्हाइकाला माल कुठला आहे ते माहीत असतं, मग फसवलं कोणाला? पहिल्या गिऱ्हाइकाला नाही, कबूल. पण वस्तू हातोहात फिरते. दुसऱ्या, तिसऱ्या खरेदीदाराजवळ घडवणारा हजर नसतो, शिक्काच बोलतो. हलक्या पोलादाची नळी फुटली तर ती त्याच्या हातात फुटते. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल पाहणाऱ्या आणि ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस असं विचारणाऱ्या पैगंबरसाहेबांची (स.) गोष्ट आपण मुलांना सांगतो. शिक्का हा ढिगाचा वरचा थर आहे.

याच्या उलटही एक दाखला आहे. 1929 च्या सुमाराला चीनच्या शान्सी प्रांतात तायुआनच्या कारखान्याने जर्मन माउझरची नक्कल केली. पण त्यांच्याकडे दुसरी एक बंदूक पंचेचाळीस बोरची होती. दोन्हींना एकच गोळी चालावी म्हणून त्यांनी पिस्तूलच मोठं केलं. आणि त्यावर चिनी अक्षरांत आपल्या प्रांताचं नाव आणि साल लिहिलं. त्याच काळात चीनमधले दुसरे कारागीर पिस्तुलांवर अर्थहीन रोमन अक्षरं ठोकत होते, आमच्या खणातल्या खेळण्यासारखी. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. शान्सीवाल्यांनी अक्कलही दाखवली आणि नावही.

अर्थात नाव खरं लिहिलं म्हणून पिस्तूल हलाल झालं, असं आम्ही म्हणत नाही. ज्याला गोळी लागते त्याला शिक्का वाचायला वेळ नसतो. अस्सल पिस्तूल तर जास्त बिनचूक मारतं. इथे आमचा विचार अडतो. खोटं औषध वाईट, कारण त्याने रोगी बरा होत नाही. मग खोटं पिस्तूल न चालणं वाईट कसं? पण ते वेळेवर चालतंही, हे मुंगेरच्या आणि दर्र्याच्या पिस्तुलांनी पुष्कळ घरांना दाखवलं आहे. तिथे घडवणारा आपलं नाव का लपवतो याचं कारण भाव वाढवणं एवढंच नसावं. बेनामी वस्तूचा जाब कुणाला विचारणार?

हे सगळं दुसऱ्यांबद्दल लिहिणं सोपं आहे. आम्ही बी.एड. करत होतो तेव्हा पाठांची टाचणं लिहावी लागत. आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याची वही हातोहात फिरत असे. आम्ही त्यातली नऊ टाचणं जशीच्या तशी उतरवली, त्याने केलेल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि खाली सही आमची केली. तपासणाऱ्यांनी ताडलं असणारच. त्यांनीही सही केली. ती वही अजून आमच्या कपाटात आहे. तो उलटा 'एन' आम्हालाही वाचता येत होता, एवढाच काय तो फरक.

परवा आठवीच्या मुलांना 'मेरा मोहल्ला' निबंध दिला. एका मुलाने शेजारच्याचा सगळा उतरवला होता. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "सर, आप भी तो बोर्ड से उतारने को बोलते हैं." त्याला जुन्या किताबांबद्दल सांगितलं: लिहून काढणारा शेवटी 'नाकिल' म्हणून आपलं नाव घालायचा, आणि मूळ कुणाचं तेही सांगायचा. दुसऱ्या दिवशी वही आली. निबंध तोच. खाली सुवाच्य अक्षरात मित्राचं नाव आणि त्याच्याखाली 'नाकिल' लिहून स्वतःचं.

वही आमच्या टेबलावर आहे. दहापैकी किती गुण द्यावेत, ते अजून ठरलेलं नाही.