समासातला माणूस

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाला मेडिकलला प्रवेश मिळाला. नवी पुस्तकं परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही दोघं फाउंटनच्या फूटपाथवर गेलो. शरीररचनाशास्त्राचं हवं ते पुस्तक मिळालं. पुठ्ठा ढिला झाला होता, पण पानं शाबूत होती. फक्त आत जागोजागी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. हाताच्या नसांच्या आकृतीशेजारी बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘व्हायवाला हेच विचारतात’. एका पानाच्या कडेला नुसतंच, ‘झोप येतेय’.

भाऊ म्हणाला, “काका, लिहिलेलं आहे सगळं. कमी करा ना थोडे.”

“पेन्सिलच आहे ती. थांब, पुसून देतो,” म्हणत काकांनी डब्यातून खोडरबर काढलं.

“नको, राहू दे,” मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि पन्नास रुपये कमी केले.

मी नको का म्हणाले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पुस्तक काकांचं होतं. पाच मिनिटांनी आमचं होणार होतं. ‘झोप येतेय’ लिहिणारा किंवा लिहिणारी तर चित्रातच नव्हती. मग पुसायला हरकत कुणाची? हाच प्रश्न मोठा करून विचारला की तो विज्ञान आणि वैद्यकाच्या दुर्मिळ पुस्तकांच्या बाजारात जाऊन पोहोचतो. तिथे एकेका पुस्तकाची किंमत मुंबईतल्या फ्लॅटपेक्षा जास्त असते, आणि खोडरबरं जास्त हुशार असतात.

आधी एक सरळ शंका. कोपर्निकसचं १५४३ सालचं ‘डी रिव्होल्युशनिबस’ हे पुस्तक तुम्ही आत्ता, याच फोनवर, फुकट उघडू शकता. पानन् पान स्कॅन झालेलं आहे. तरी २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात पहिल्या आवृत्तीची एक प्रत बावीस लाख डॉलरना गेली. मजकूर फुकट आहे, तर बावीस लाख कशाचे? श्रीमंतांची हौस, असं म्हणून सोडून देता येईल. हौस आहेच. पण तेवढंच नाही.

आर्थर कोस्लर या लेखकानं १९५९ साली कोपर्निकसच्या या ग्रंथाला ‘कुणीही न वाचलेलं पुस्तक’ म्हटलं होतं. इतकं किचकट गणित कोण वाचणार, असा त्याचा सूर. १९७० मध्ये ओवेन गिंगरिच हा अमेरिकी खगोल-इतिहासकार एडिनबरोच्या वेधशाळेत एक प्रत चाळत होता. तिच्या समासात पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपा होत्या. त्या एरास्मस राइनहोल्ड या सोळाव्या शतकातल्या नावाजलेल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाच्या निघाल्या. म्हणजे एकानं तरी वाचलं होतं, आणि ते पण हातात लेखणी घेऊन. मग गिंगरिच इरेला पेटला. पुढची तीसेक वर्षं तो १५४३ आणि १५६६ च्या आवृत्त्यांच्या मिळतील तेवढ्या प्रती बघत देशोदेशी फिरला. सुमारे सहाशे प्रतींची नोंद त्यानं केली. कुणी काय लिहिलं, कोणत्या मालकाकडून कुणाकडे गेली, कुठे डाग आहे, सगळं.

त्यातून काय मिळालं, त्याचं एकच उदाहरण देते. १६१६ मध्ये चर्चनं या पुस्तकावर ‘दुरुस्ती होईपर्यंत’ बंदी घातली आणि १६२० मध्ये कोणत्या ओळी खोडायच्या त्याची यादी काढली. आपल्याला वाटतं, चर्चचा हुकूम म्हणजे सगळीकडे पाळला गेला असेल. गिंगरिचनं प्रती मोजल्या तर दिसलं की इटलीतल्या बहुसंख्य प्रतींत त्या ओळी खोडलेल्या आहेत आणि इटलीबाहेर जवळपास कुठेच नाहीत. अगदी कॅथलिक स्पेनमध्येही नाहीत. हे कोणत्याही एका प्रतीच्या स्कॅनमधून कळलं नसतं. शेकडो प्रती आपापल्या डागांसकट आणि खोडाखोडीसकट टिकल्या, म्हणून कळलं.

थोडक्यात, छापलेला मजकूर सगळ्या प्रतींत सारखा असतो. प्रत्येक प्रतीची स्वतःची गोष्ट मात्र समासात, शिक्क्यात आणि बांधणीत असते. ती प्रत म्हणजे साक्षीदार. बावीस लाखांतले काही डॉलर तरी त्या साक्षीचे आहेत.

आता खोडरबराकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्राहकांना स्वच्छ पुस्तकं आवडत. मग जुनी पुस्तकं उसवायची, पानं रसायनांत धुवायची, शाईच्या टिपा घालवायच्या, कडा कापून सरळ करायच्या आणि नव्या चामड्यात बांधायची, अशी पद्धतच होती. कितीतरी समास तेव्हा धुऊन निघाले. कुणी गुन्हा केला नाही. पुस्तकं त्यांची होती, आणि गिऱ्हाईक स्वच्छ पानांना जास्त पैसे देत होतं. फूटपाथवरच्या काकांचा हिशोबही हाच होता.

त्या धुतलेल्या पानांत काय गेलं असेल, याचा अंदाज एका वाचलेल्या पुस्तकावरून येतो. व्हेसालियसचं ‘फाब्रिका’ हे मानवी शरीररचनेवरचं पायाभूत पुस्तक. तेही १५४३ चंच. त्याच्या १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत कॅनडातल्या एका निवृत्त पॅथॉलॉजिस्टनं २००७ मध्ये लिलावात विकत घेतली. पानोपानी लॅटिनमध्ये काटछाट आणि भर घातलेली होती. असं कुणी परक्याच्या पुस्तकात करत नाही. लेखकच पुढच्या आवृत्तीची तयारी करताना असं करतो. अभ्यासकांनी तपासलं, आणि ते अक्षर खुद्द व्हेसालियसचं निघालं. तिसरी आवृत्ती कधी निघालीच नाही, तिचा कच्चा खर्डा मात्र या समासात शिल्लक होता. त्या गृहस्थांनी पुस्तक टोरांटोच्या विद्यापीठात अभ्यासकांसाठी ठेवलं. २०२४ मध्ये ते लिलावात बावीस लाख डॉलरच्या वर गेलं. घेतलं बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठानं, जिथे व्हेसालियस शिकला होता.

हे उदाहरण मुद्दाम दिलं. दुर्मिळ पुस्तकांचा व्यापार म्हटलं की आपल्याला लगेच नैतिक राग येतो. ज्ञान सगळ्यांचं, मग ते कपाटात बंद करून विकायचं कसलं? राग समजतो, पण अर्धवट आहे. इथे बाजारानं पुस्तक वाचवलं आणि हौशी संग्राहकानं ते ओळखलं. ज्याला किंमत नसते ते रद्दीत जातं. आपल्याकडच्या किती वाड्यांतली वैद्यकाची बाडं किलोवर गेली असतील, विचार करा. विकणं हा काही गुन्हा नाही. प्रश्न आहे तो विकताना काय पुसायचा हक्क मिळतो, हा.

पुसण्याची दुसरी रीत म्हणजे पुस्तक फोडणं. ‘हॉर्टस मलबारिकस’ हे मलबारच्या वनस्पतींवरचं पुस्तक १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापलं गेलं. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीड यानं ते करून घेतलं. आत सातशेहून जास्त मोठाली, देखणी चित्रं. अख्खा संच विकायला एक धनाढ्य गिऱ्हाईक लागतं. चित्रं सुटी केली की शेकडो गिऱ्हाइकं मिळतात आणि बेरीज जास्त होते. म्हणून अशी पुस्तकं फोडली गेली. त्यातली पानं आजही एकेक करून विकली जातात. फ्रेम करून दिवाणखान्यात फार छान दिसतात.

पण पहिल्या खंडात चित्रांखेरीज आणखीही काही आहे. ज्यांच्या माहितीवर पुस्तक उभं राहिलं त्यांची प्रमाणपत्रं आहेत. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचं मल्याळममध्ये. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांचं कोकणीत, नागरी लिपीत. १६७५ साली लिहिलेली ती कोकणी तशीच्या तशी कोरून छापली आहे. नागरी अक्षरं छापली जाण्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक. ही माहिती आम्ही दिली, असं सांगणारी माणसं त्या पानावर आहेत. पुस्तक फोडलं की झाड भिंतीवर जातं आणि झाडाची ओळख करून देणारा माणूस मागे राहतो. ज्या पानाला फ्रेम मिळत नाही ते टिकण्याची शक्यताही कमी. चित्र विकणाऱ्यानं खोटं काहीच सांगितलेलं नसतं. तरी घेणाऱ्याला वाटत राहतं की ही कुणा डच साहेबाची विद्या.

तिसरी रीत सरळ चोरीची. नेपल्सच्या जिरोलामिनी या जुन्या ग्रंथालयाचा संचालक म्हणून २०११ मध्ये मारिनो मास्सिमो दे कारो याची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी कळलं की संचालकच पुस्तकं बाहेर काढत होता. २०१३ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. चोरलेलं पुस्तक विकायचं तर आधी ग्रंथालयाचा शिक्का घालवावा लागतो. म्हणजे इथेही पहिलं काम खोडरबराचंच.

याच माणसाची दुसरी करामत जास्त विचार करायला लावते. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्यानं गॅलिलिओच्या १६१० च्या ‘सिडेरियस नुन्सियस’ची एक प्रत सुमारे पाच लाख डॉलर देऊन घेतली. तिच्यात गॅलिलिओची सही होती आणि चंद्राची चित्रं छापलेली नसून हातानं रंगवलेली होती. स्वतः गॅलिलिओनं! एका नामवंत जर्मन कला-इतिहासकारानं त्यावर पुस्तक लिहिलं. तज्ज्ञांच्या गटानं कागद आणि शाई तपासून प्रत अस्सल ठरवली. मग निक वाइल्डिंग या इतिहासकाराला तिच्यावरचा जुन्या संग्रहाचा शिक्का खटकला. त्याच संग्रहातल्या इतर पुस्तकांवरच्या शिक्क्याशी तो जुळत नव्हता. धागा ओढत गेल्यावर २०१२ मध्ये अख्खं पुस्तकच बनावट निघालं. पानांच्या फोटोंवरून प्लेटा बनवून नव्यानं छापलेलं. बनवणारा दे कारो.

तुम्ही म्हणाल, मजकूर तर तोच होता ना? बिघडलं कुठे? बिघडलं ते असं की त्या प्रतीनं खोटी साक्ष दिली. गॅलिलिओ दुर्बिणीतून पाहिलेला चंद्र स्वतः कसा रंगवत होता, याबद्दलचे निष्कर्ष त्या चित्रांवर उभे केले गेले. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घातलं तरी तो उठून नाही म्हणत नाही. त्याच्या वतीनं बोलायला फक्त या वस्तू उरतात.

आपल्याकडे हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे सातबारा असतो. जमीन तुमची असेल तर खुशाल विका. पण ती कुणाकडून कुणाकडे आली, त्या फेरफाराच्या नोंदी तुम्ही खोडू शकत नाही. मालकी जमिनीची असते, तिच्या इतिहासाची नसते. पुस्तकाचा समास, जुन्या मालकाची सही, ग्रंथालयाचा शिक्का, बांधणी, हा त्याचा सातबारा. दुर्दैवानं त्याला तलाठी नाही. तो ज्याच्या हातात पुस्तक आहे त्यालाच व्हावं लागतं. गिंगरिचच्या नोंदींमुळे पुढे चोरीच्या प्रती ओळखायला मदत झाली, ती यामुळेच. कुणीतरी दप्तर ठेवलं होतं.

यावर माझा स्वतःचाच एक आक्षेप आहे. तलाठी होणं महाग पडतं. फोडून विकलं तर जास्त मिळतं, आणि शंकास्पद शिक्क्याबद्दल बोललं तर गिऱ्हाईक जातं. ज्याचं पोट या धंद्यावर आहे त्याला नैतिकतेचा सल्ला लांबून देणं सोपं. मान्य. पण सत्य सांगणं फुकटात पडेल असं तर कोणत्याच धंद्यात नसतं. मला त्या जर्मन गटाचं कौतुक वाटतं. फसगत उघड झाल्यावर त्यांनी २०१४ मध्ये आणखी एक पुस्तक काढलं आणि आपण कुठे, कसे चुकलो ते छापून सांगितलं. आधीच्या चुकीची नोंद त्यांनी पुसली नाही, तिच्याखाली नवी नोंद केली. जुन्या पुस्तकांशी वागण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा भावाच्या टेबलावर ते फूटपाथवरचं पुस्तक होतं. हाताच्या नसांचं पान उघडून पाहिलं. ‘व्हायवाला हेच विचारतात’च्या खाली त्याच्या अक्षरात भर पडली होती, ‘खरंच विचारलं’.

“शेवटच्या वर्षाला गेलास की विकशील ना हे?” मी विचारलं.

“विकणारच ताई, ठेवू कुठे? पण पुसणार नाही,” तो म्हणाला. “पन्नास रुपये कमी आले तरी चालतील.”