मुद्रेची नोंद आणि मनाची कैफियत

माणसाची मुद्रा पाहून त्याचे मन ताडण्याचा उद्योग पुरातन आहे; परंतु तो यंत्राकडे सोपवता येईल, या कल्पनेला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ साली लिहिलेल्या 'अफेक्टिव्ह कंप्युटिंग' या ग्रंथामुळे. आज त्या शास्त्राचे एक कर्मस्थान बंगळुरू आहे. २०१६ साली येथे स्थापन झालेली एन्ट्रॉपिक ही कंपनी जाहिरात पाहणाऱ्या ग्राहकाच्या चेहऱ्यावरील हालचालींवरून आणि नेत्रांच्या गतीवरून त्याच्या भावनेचे अनुमान काढते. आणि कॉल सेंटरमधील संभाषणांत ग्राहक प्रसन्न आहे की रुष्ट, हे शब्दांवरून व स्वरांवरून ठरवणारी आज्ञावलीही याच शहरात घडते.

कॉल सेंटरचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. परदेशच्या घड्याळाप्रमाणे रात्र जागवून उपजीविका करणाऱ्या तरुणांची एक अख्खी पिढी या शहराने पाहिली आहे. कामाचा भाग म्हणून भावना धारण करणे हेही श्रमच होत, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून दाखवून दिले. पूर्वी पर्यवेक्षक निवडक संभाषणे ऐकत असे आणि त्यालाही कधी काळी तीच नोकरी करावी लागलेली असे. आता यंत्र प्रत्येक संभाषण ऐकू शकते आणि कर्मचाऱ्याच्या स्वरालाही गुण देऊ शकते. रात्री तीन वाजता परक्या माणसाचे अपशब्द ऐकून, उलट उत्तर ओठांवर आले असताना, जी मुलगी स्वतःला आवरून सपाट स्वरात 'मी आपली तक्रार नोंदवून घेते' एवढेच म्हणते, तिच्या त्या संयमाला गुणपत्रकात 'आस्थेचा अभाव' असा शेरा मिळावा, याहून मोठा अन्याय कोणता?

भावनेचे बाह्य चिन्ह आणि भावना यांत अंतर आहे, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. पण त्या गणतीपेक्षा मला अश्रूंविषयीचे त्यातील विवेचन अधिक मोलाचे वाटते. अश्रू आनंदाने येतात, रागाने येतात, भयाने आणि शोकाने येतात. तसेच धुराने, काजळाने, जांभईने, थंडीने आणि रोगानेही येतात, असे तेथे स्पष्ट नमूद आहे. म्हणूनच अनुभावाला (बाह्य चिन्हाला) विभावाची, म्हणजे कारणाची व परिस्थितीची, जोड मिळाल्यावाचून रसाची सिद्धी होत नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली उपलब्ध संशोधनाची विस्तृत छाननी करून जो निष्कर्ष काढला, तो याहून फार वेगळा नाही: केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाची आंतरिक अवस्था विश्वासार्हपणे सांगता येत नाही. दूरस्थ बैठकीत पडद्यावरच्या चौकटीत दिसणारा अभियंता खिन्न दिसतो. त्याचे वडील सोलापूरच्या रुग्णालयात आहेत, हे त्या चौकटीत कोठे दिसणार?

समाजमाध्यमांतील प्रकार याहून सूक्ष्म आहे, कारण तेथे भावना वाचण्याबरोबर ती घडवण्याचेही सामर्थ्य आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांपुढे येणाऱ्या मजकुरातील सुखद वा दुःखद भाग आठवडाभर कमी करून पाहिला आणि त्यांच्या स्वतःच्या लेखनाचा सूर त्यानुसार किंचित बदलल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. परिणाम अत्यल्प होता; पण कोणालाही स्पष्टपणे विचारण्यात आले नव्हते, ही बाब अल्प नव्हे. शिवाय तेथील मोजमाप इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालले होते. एका वाक्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा रोमन लिपीत लिहिणाऱ्या बंगळुरूतील मराठी घरातल्या मुलाचा रुसवा अशा यादीला कसा कळावा?

तरीही या विद्येचा सरसकट निषेध मला मान्य नाही. याच शहरात जन्मलेल्या वायसा या संवादयंत्राशी माणूस स्वतःहून बोलतो, नाव न सांगता बोलतो. पेंग्विनचे रूप घेतलेले ते यंत्र त्याने लिहिलेल्या शब्दांना प्रतिसाद देते. येथे माणूस आपली कैफियत आपल्या मुखाने मांडतो. गुणपत्रकाच्या प्रकारात मात्र त्याच्या मनाविषयीची नोंद त्याच्या अपरोक्ष होते, दफ्तरी दाखल होते, आणि बढती वा बडतर्फीच्या वेळी पुराव्यासारखी पुढे येते. यंत्राचे वाचन उद्या अचूक झाले, तरी हा आक्षेप उरतोच.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली दाखल केलेल्या याचिकेतूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने मात्र नोकरीच्या प्रयोजनार्थ कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा मालकाला कलम ७ मध्ये ठेवली आहे. युरोपीय संघाने वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ताडणाऱ्या यंत्रांना २ फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली. आपल्या कलम ७ मधील सवलतीतूनही अनुमानित भावना स्पष्ट शब्दांत वगळली पाहिजे. आणि तोवर, ज्या कार्यालयात अशी नोंद होत असेल तेथे ती कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आणि तिच्या शेजारी त्याची लेखी कैफियत जोडण्याचे बंधन मालकावर असले पाहिजे.