साम्य आणि नाते

वाशीम जिल्ह्यात काटेसावर लाल फुलांनी भरते, तेव्हा कपाशी शेवटच्या वेचणीला आलेली असते. एक उंच काटेरी वृक्ष, दुसरे कमरेएवढे झुडूप. तरी आजचे वनस्पतिशास्त्र दोघांना एकाच कुळात ठेवते. भेंडी, अंबाडी, धामण हीही त्याच कुळातली. सागवान तर तुळशीच्या कुळात गेला. उलट, फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग दोन्ही मांसल, काटेरी असूनही एकमेकांपासून फार दूरचे आहेत. कोरड्या हवेत तगताना दोघांनी सारखे रूप घेतले, इतकेच. दिसण्यातले साम्य परिस्थितीतूनही येते. नाते येते ते फक्त वंशातून.

बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात मुख्यतः फुलांच्या रचनेवरून कुळे मांडली, आणि आपल्याकडच्या पिढ्या तेच शिकल्या. १९९३मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९९ बीजधारी वनस्पतींच्या आरबीसीएल या एकाच जनुकाची तुलना केली. हे जनुक हरितलवकात असते आणि फार सावकाश बदलते. दोन वनस्पतींत तेच दुर्मीळ बदल आढळले, तर ते बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेले असतात. २००९मध्ये आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांचे तुकडे वनस्पतींचा बारकोड म्हणून सुचवले गेले.

मात्र बारकोड मुळात ओळखीसाठी आहे. कूळ तो बहुतेकदा नेमके सांगतो. जवळच्या जातींत अडखळतो. शिवाय सपुष्प वनस्पतींत हरितलवक बहुधा आईकडूनच येते. ‘आयसीपीएच २६७१’ या संकरित तुरीच्या बीजोत्पादनात कजानस कजानिफोलियस या रानटी जातीचे पेशीद्रव्य, त्यातल्या हरितलवकासह, वापरले आहे. तिच्या हरितलवकात वाचाल तो वारसा त्या रानटी आईचा. शेतातल्या तुरीकडून आलेला वाटा तिथे दिसणार नाही. म्हणून नाते पक्के करायला केंद्रकातले जनुकही वाचावे लागते.

सर्वांत मोठी अट वेगळीच आहे. बारकोड ज्या संग्रहाशी ताडायचा, त्यात आपली झाडे असली पाहिजेत, आणि प्रत्येक नोंदीमागे जाणकाराने ओळखलेला, दाबून जपलेला नमुना हवा. वाशीम १९९८मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधी, १९८८मध्ये, कांबळे आणि प्रधान यांचा अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला होता. त्यामागे ऊनपावसात पायी केलेले संकलन होते. अशा कामावाचून प्रयोगशाळेत वाचलेली जनुकांची अक्षरे निराधार राहतात.

म्हणून वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या माळावरचे गवत फुलोऱ्यात ओळखू शकणारी मुले आपल्या महाविद्यालयांनी आधी घडवावीत. बारकोड वाचणारे यंत्र विकत आणता येईल. झाड ओळखणारा माणूस मात्र त्याच मातीत, वर्षानुवर्षे, घडवावा लागतो.