पाणवठ्यावरचा धोंडा



मे महिन्यात कसालच्या तिठ्यावर चहा प्यायला थांबा. दर दोन मिनिटांनी एक गाडी हळू होते, काच खाली येते, आणि प्रश्न येतो : मालवणला कुठून वळायचं? आम्ही हात करून दाखवतो. मुंबई-गोवा रस्ता सोडून गाडी वळते, निघून जाते. आमचं काम एवढंच.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून इथं ‘बघण्यासारखं’ काय आहे त्याच्या याद्या चालू आहेत. कुरटे बेटावरचा किल्ला, १६६४ चा पाया. २०२५ साली तो युनेस्कोच्या यादीत गेला. तारकर्लीची वाळू. आणि धामापूरचं तळं. १५३० साली नागेश देसाई यांनी बांधलं म्हणतात, काठाला भगवतीचं देऊळ आहे, आणि २०२० मध्ये जुनी सिंचन-व्यवस्था म्हणून त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तळं सुंदर आहे, मी खोटं बोलणार नाही. भर उन्हात त्या झाडीखाली बसलं की माणूस गप्प होतो. पण ‘देसाईंनी बांधलं’ हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. देसाईंनी माती वाहिली का? बंधाऱ्याचा एकतरी दगड देसाईंच्या डोक्यावरून गेला का? मराठीतलं ‘बांधलं’ हे क्रियापद मोठं हरामखोर आहे. त्याच्याखाली शेकडो माणसं गाडली जातात आणि वर एकाचं नाव उरतं.

हे सगळं आठवायचं कारण तळं नाही. कारण एक धोंडा आहे.

माझ्या आजोळी एक चिऱ्याची जुनी विहीर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विहिरीपासून पंधरा पावलांवर एक काळा सपाट धोंडा पडलाय. आमच्या बायका त्या धोंड्यावर हंडा ठेवून लांब उभ्या राहायच्या. वरच्या वाडीतली कोणी बाई येईल, तिला वाटलं तर ती कळशी उंच धरून हंड्यात पाणी ओतील. कळशी हंड्याला लागता नये. कधी घटकेत पाणी मिळे, कधी दुपार उलटे. धोंड्याच्या मधोमध हंड्याच्या बुडाची खळगी पडलीय. किती वर्षांत पडली असेल, तुम्हीच हिशेब करा.

आता त्या विहिरीकडे पर्यटक यायला लागलेत. बाजूला राहण्या-जेवणाची सोय झालीय. घरमालक भला माणूस आहे. त्यानं गाळ उपसला, कठडा नीट केला, आणि धोंड्यावर फुलांची कुंडी ठेवली. लोक तिथं बसून फोटो काढतात.

बौद्धवाडीतली पोरं खवळली. विहारात बैठक बसली. एक म्हणाला, रात्री जाऊन घणानं फोडून टाकू. दुसरा म्हणाला, फोडू नका, पाटी लावू : इथं आमच्या आया उभ्या राहत होत्या. तिसरा, शिकलेला, मुंबईत नोकरीला, तो म्हणाला, आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची? पर्यटक फोटो काढतील, अरेरे म्हणतील, आणि सोलकढी प्यायला जातील.

या तिसऱ्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

‘वारसा’ हा शब्द आपल्याला कुठून मिळाला ते बघा. आपल्या बापजाद्यांना वारशानं मिळालं ते महारवतन. गावची वेठ, सांगावे पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं, बदल्यात तुकडा जमीन आणि शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं. ही वतनं कायद्यानं गेली १९५८ नंतर, ते गेल्यावर. गावऱ्हाटीत, बारा-पाचाच्या देवकार्यात आपल्यालाही ‘मान’ होता. धर्मांतरानंतर वाड्यावाड्यांनी तो मान गावाच्या तोंडावर फेकला. म्हणजे आपण वारसा नाकारलेली माणसं आहोत, आणि त्याचा मला अभिमान आहे. मग धोंडाच कशाला सांभाळायचा?

याच महामार्गानं वर मुंबईच्या बाजूला गेलं की महाड लागतं. तिथंही एक तळं आहे. १९२४ साली नगरपालिकेनं ते सर्वांना खुलं केलं होतं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. मग माणसांवर लाठ्या पडल्या, आणि शेणमूत-दूध-दह्याच्या एकशेआठ घागरी ओतून पाणी शुद्ध करून घेतलं गेलं. कोर्टकज्जा चालला १९३७ पर्यंत. आज २० मार्चला चवदार तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. ते काय पर्यटन आहे? कुणी तिथं ‘बघायला’ जात नाही. ज्या जागी आपल्याला जनावराखालचं मानलं त्याच जागी माणूस म्हणून परत उभं राहायला जातात. त्या दिवशी बाबासाहेबांनी तळं बुजवलं नाही, की दुसरं तळं मागितलं नाही. त्याच पाण्यात हात घातला.

आणखी एक, जरा लांबचं. अमेरिकेत चॉक्टॉ नावाचे मूळनिवासी लोक आहेत. १८३० च्या तहानं त्यांची मिसिसिपीकडची जमीन गेली, आणि पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत त्यांना पश्चिमेला हाकललं. वाटेत थंडीनं, भुकेनं, पटकीनं हजारो मेले. १८४७ साली आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच लोकांनी वर्गणी काढून भुकेल्या आयरिशांना पैसे पाठवले. ओक्लाहोमात टस्काहोमा इथं १८८४ साली बांधलेली त्यांच्या राज्यसभेची इमारत आहे. आता तिथं त्यांचं संग्रहालय आहे. पर्यटक येतात, पण कुठली गोष्ट सांगायची ते चॉक्टॉ ठरवतात. त्याहून महत्त्वाचं पुढं आहे. जवळच सार्डिस नावाचं धरणाचं मोठं तळं आहे. त्याचं पाणी शहराकडे न्यायचं ठरलं तेव्हा २०११ मध्ये चॉक्टॉ आणि चिकासॉ दोघे कोर्टात गेले, आणि २०१६ मध्ये पाण्याबाबत समझोता करून घेतला. म्हणजे संग्रहालयात भूतकाळ मांडून ते गप्प बसले नाहीत. पाण्यावरचा हक्कही धरून राहिले.

हे वाचल्यावर बैठकीत मी एक प्रश्न विचारला. धोंड्यावर पाटी लावू, ठीक. पण त्या विहिरीचा पंप आज कुणाच्या घरात आहे? एप्रिलमध्ये आपल्या वाडीत टँकर येतो तेव्हा त्या विहिरीत पाणी असतं की नाही? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पाटीचा मसुदा बाजूला पडला आणि पहिल्यांदाच ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज लिहिला गेला. अर्धी रात्र त्यातच गेली.

पाटीचं भांडण मिटलेलं नाही. एका पोरानं मजकूर लिहून आणला : ‘येथे अस्पृश्यांना पाणी वाढले जात असे.’ मी म्हटलं, दोस्ता, हे परत देसाईंच्या तळ्यासारखंच झालं. कुणी वाढलं? कुणी उभं ठेवलं? लाज उभं राहणाऱ्याची नसते, उभं ठेवणाऱ्याची असते, आणि तुझ्या वाक्यात तो माणूसच नाही. तो म्हणाला, मग घराण्यांची नावं लिहू? त्यांतल्या एका घरातली मुलगी माझ्या बहिणीच्या वर्गात आहे. दोघी एका डब्यात जेवतात.

मी गप्प बसलो. त्या मुलीच्या पणजीचं नाव दगडावर कोरून मला काय मिळणार? पण नाव न कोरता सत्य पुरं होतं का? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा : माणसांची नावं नकोत, जातींची नावं हवीत. दोन्ही बाजूंच्या. आणि वाक्य कर्तरी हवं.

शेवटी आजीला विचारायला गेलो. नव्वदीला आलीय, खाटेवर असते. त्या धोंड्यावर तिनं हंडा ठेवलेला आहे, आमच्यापैकी कुणीच ठेवलेला नाही. सगळं ऐकून घेतलं तिनं. कुंडीचं ऐकून हसली.

“फोडू नकात,” म्हणाली. “धोंडो आसांदे थंयच. कुंडी तेवडी काढा.” मग थोड्या वेळानं, “पण माका थंय नेव नकात.”